मुलांचा आहार आणि शरीरातला दाह: नक्की काय बदलायचं?

उत्तरेश्वर_आई

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. गेल्या वर्षभरात वजन बरंच वाढलंय. मानेच्या मागे काळपट, जाडसर पट्टा आलाय. सासूबाई त्याला मळ म्हणतात, पण तो घासून जात नाही. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. हिमोग्लोबिन १०.४ आहे. आणि सर्दी-ताप काही नसताना सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं आलं. डॉक्टर म्हणाले, "आत बारीक दाह चालू आहे. सध्या औषध नको, खाणं सुधारा, तीन महिन्यांनी या." बाहेर रांग लागलेली, पुढचं विचारायला वेळच मिळाला नाही.

तेव्हापासून घरात ज्याचं त्याचं वेगळं चाललंय. नणंद म्हणते गहू बंद कर. जाऊबाई म्हणतात दूध बंद कर. सासूबाई चहात साखरेऐवजी गूळ घालायला लागल्यात. ग्रुपवर हळदीच्या कॅप्सूल फिरतायत. पोरीच्या ताटावरून रोज तिच्यासमोरच चर्चा होते आणि ती न जेवता उठते. मला हेच सगळ्यात जास्त लागतं. कुणी नीट सांगेल का?

जोंधळा

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांसोबतच काम करते. सविस्तर लिहिते. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला पहिला, माझं त्याच्यानंतर.

दाह ही मुळात शरीराची संरक्षणाची सोय. गुडघा फुटला की लाल होतो, सुजतो, बरा होतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टर ज्याबद्दल बोलतायत तो दाह वेगळा. तो मंद असतो, दुखत नाही, पण महिनोन्‌महिने चालू राहतो. पोटातल्या चरबीच्या पेशी फार भरल्या की त्यांच्यात रोगप्रतिकारक पेशी शिरतात आणि इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा असे संदेश रक्तात सुटतात. इंटरल्युकिन-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी तयार करतं. तेच तुमच्या रिपोर्टमध्ये दिसलं. याच गडबडीत इन्सुलिनचं काम अडतं, शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, आणि मानेवरचा तो काळा पट्टा बहुतेक वेळा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असतो. तो मळ नाही, मुलीला घासायला लावू नका. कातडी सोलवटते आणि तिला उगाच लाज वाटते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट: साखर. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलग्यांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या जेवणातून आठ आठवडे वरून घातलेली साखर जवळजवळ काढून टाकली. महत्त्वाचं म्हणजे अख्ख्या घराचं जेवण तसं केलं, एकट्या मुलाचं नाही. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीसारखं खाणाऱ्या मुलांची २१ वरून २० वर. प्रयोग लहान होता, फक्त मुलग्यांवर होता, पण आठ आठवड्यांत यकृत इतकं हलतं हे मला फार आश्वासक वाटतं.

म्हणून गहू, दूध हे सध्या राहू द्या. आधी सांगा, मुलगी दिवसभरात गोड काय पिते? खाते नाही, पिते.

उत्तरेश्वर_आई

सकाळी चहा-बिस्किट, दोन चमचे साखर. शाळेतून येताना कोल्ड्रिंकची छोटी बाटली, क्लासच्या मैत्रिणींबरोबर. संध्याकाळी दुधात चॉकलेटची पावडर. रविवारी रंकाळ्यावर भेळ आणि आइस्क्रीम.

जोंधळा

२५० मिलीच्या साध्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण २५-२७ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरची साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. या वयाच्या मुलीला दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तो आकडा शाळेतून घरी येईपर्यंतच संपतो. चहा, बिस्किट, पावडर सगळं त्याच्यावर.

रविवारची भेळ चालू ठेवा. खरंच सांगते. रोजची बाटली थांबली तर रविवारच्या रंकाळ्याने काही बिघडत नाही.

शाहूपुरी_गूळवाला

ताई, माफ करा मध्ये बोलतोय. आमचा व्यवसाय गुळाचा. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, बिनरसायनाचा गूळ आम्ही स्वतः घरी खातो. साखरेला नावं ठेवा, पण गुळात लोह आहे, खनिजं आहेत. सासूबाई काय चुकीचं करतायत?

जोंधळा

दादा, कोल्हापुरी गुळाबद्दल मलाही तेवढंच प्रेम आहे आणि २०१४ साली मिळालेलं मानांकन त्याला शोभतंच. चव, वास, पुरणपोळी, तिळगूळ, गुऱ्हाळावरची ताजी काकवी, यांना तोड नाही. पण यकृताच्या दृष्टीने गुळातला मोठा हिस्सा सुक्रोजच आहे, साखरेसारखाच. लोह थोडं असतं, पण ते भरून काढायला जितका गूळ खावा लागेल तितकी साखर आधी पोटात जाईल. फॅटी लिव्हर असलेल्या मुलीच्या चहात दोन चमचे साखरेऐवजी दोन चमचे गूळ घातला तर मोजमापात फरक पडत नाही. सणाला गूळ, रोजच्या चहाला अर्धा चमचा काहीही, आणि हळूहळू तोही बंद, असं मी म्हणेन. मधाचंही तेच.

शाहूपुरी_गूळवाला

सणाला तरी सोडलंत, आभारी आहे. मुद्दा समजला.

तालीमकट्टा

राम राम. मी तालमीत पोरांचं बघतो. आमची पोरं दिवसाला दीड-दोन लिटर दूध पित्यात, थंडाई घेत्यात, आठवड्याला मटण हाय. पहाटे उठून मेहनत करत्यात. जुन्या पैलवानांनी हेच खाल्लं. पण आता दोन गोष्टी नव्या घुसल्यात. एक त्या वीस रुपयाच्या रंगीत एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या, आणि दुसरी प्रोटीनच्या पावडरी. चार-पाच पोरांच्या तोंडावर, पाठीवर लई मुरमं उठल्यात, सुजून लाल झाल्यात. घरची म्हणत्यात दूध बंद करा. मला काय पटंना.

जोंधळा

वस्ताद, तुमचा प्रश्न फार मोलाचा. मुरूम हाही दाहच आहे, आणि आहाराशी त्याचा संबंध आता बऱ्यापैकी दिसलेला आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. मैदा, साखर असं रक्तात झपकन उतरणारं खाणं कमी केलेल्या गटात मुरमं जास्त कमी झाली. दुधाचा संबंधही काही पाहण्यांत आढळतो, पण तो सगळ्यांना लागू पडत नाही. व्हे पावडरीनंतर (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) मुरमं उठलेली तरुण मुलं त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमी येतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी रंगीत बाटल्या बंद. त्यात साखर आहेच, वर कॅफीन, आणि मुलांनी पिऊ नये असं बाटलीवरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. मग पावडर बंद. दीड-दोन महिने बघा. दूध, बदाम, कडधान्यं, अंडी, मटण यांतून वाढत्या पैलवानाचं प्रोटीन भागतं. पाठभर अचानक मोठी मुरमं उठली असतील तर पावडरीचा डबाच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काही डब्यांत लेबलवर नसलेली स्टेरॉइड निघतात. मुरमांचा त्रास तर होतोच, उद्या पोरगं डोप चाचणीतही अडकेल.

आणि एक विनंती. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात, ती कोल्हापूरची शान आहे हे मान्य. पण लहान मुलांना कच्चं दूध देऊ नका. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. त्यात ताप येत-जात राहतो, सांधे आणि कंबर धरते, आणि संधिवात समजून महिने वाया जातात. एक उकळी पुरते.

तालीमकट्टा

उकळीचं पोरांना सांगतो. म्हातारे वस्ताद ऐकायचे न्हाईत, पण पोरांचं माझ्या हातात हाय. पावडरीचे डबे उद्याच गोळा करतो.

कागलची_सई

संधिवाताचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या मुलाला पाचव्या वर्षी लहान मुलांचा संधिवात निघाला, जेआयए म्हणतात तो. सकाळी उठला की लंगडायचा, अकरा वाजेपर्यंत पळायला लागायचा. त्यामुळे सगळे म्हणायचे नाटक करतोय. गुडघा गरम आणि सुजलेला असायचा.

आज तो बारावीच्या उंबरठ्यावर आहे आणि पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळतो. हे आठवड्याला एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटमुळे शक्य झालं, सोबत फॉलिक ॲसिड. मी हे ठासून लिहिते कारण या काळात आम्हाला टोमॅटो बंद, वांगं बंद, आंबट बंद, दूध बंद, औषध बंद असं सगळं सांगून झालंय. मी टोमॅटोही बंद केला नाही आणि औषधही नाही. मुलं आधीच आजाराने चिडलेली असतात, त्यात ताट रिकामं करू नका.

दुसरं, डोळे. या आजारात डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो आणि तो बहुतेकदा दुखत नाही, लाल दिसत नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठरलेल्या वेळी स्लिट लॅम्पवर तपासणी करायची म्हणजे करायचीच.

जोंधळा

सई ताई, तुमचं प्रत्येक वाक्य मोठ्या अक्षरात लावावं असं आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाचा सांधा सहा आठवड्यांहून अधिक सुजलेला असेल तर खाण्याचे प्रयोग करत बसू नका. आपल्याकडे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात बालरोग विभाग आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. चांगलं जेवण अशा मुलाची हाडं आणि वाढ सांभाळतं. ते औषधाची जागा घेत नाही.

राजारामपुरी_८वी_गल्ली

गव्हाचं काय मग? माझ्या भाच्याची चपाती बंद केल्यावर पोट साफ राहायला लागलं. ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे, सूज येते असं सगळीकडे ऐकतो.

जोंधळा

सीलिॲक आजार असेल तर गव्हाने आतड्याला खरोखर दाह होतो आणि मग गहू आयुष्यभर बंद. पण त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी असते, आणि ती मूल गहू खात असतानाच करावी लागते. गहू सोडून काही महिने झाले की तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. म्हणून भाच्याची वाढ खुंटली असेल, सतत जुलाब किंवा लोह न चढणारा ॲनिमिया असेल, तर आधी तपासणी करा. ज्यांना तो आजार नाही त्यांच्यात चपातीने दाह होतो याला आधार नाही. चपातीच्या जागी भाकरी आली की तंतू वाढतात, त्यानेही पोट साफ होतं. बऱ्याचदा फरक तिथलाच असतो.

आजरेकर

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो, कारण आहाराने दाह कमी होतो का याचं उत्तर मी डोळ्याने बघितलंय. वय पंधरा. दीड वर्षं उंची थांबलेली, जुलाब, तोंडात फोड, वजन कमी. टीबी समजून एक फेरी झाली. शेवटी पुण्यात दुर्बिणीने तपासणी केल्यावर क्रोन्स निघाला, म्हणजे आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा दाहाचा आजार. डॉक्टरांनी स्टेरॉइड न देता आठ आठवडे फक्त तयार द्रवाहार दिला. भात नाही, भाकरी नाही, काही नाही. घरात आजी रडायची की पोराला उपाशी ठेवलंय. पण महिन्याभरात जुलाब थांबले, सीआरपी उतरलं, चेहऱ्यावर तेज आलं. आता औषध चालू आहे आणि उंची वाढायला लागलीय.

जोंधळा

आजरेकर दादा, हे लिहिलंत बरं झालं. आहाराने मुलांमधला दाह विझतो याचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे. मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रवाहार ही बऱ्याच देशांत पहिली निवड मानली जाते. बहुतांश मुलांना आराम पडतो, आतड्याच्या जखमा भरतात, आणि स्टेरॉइडसारखी वाढ खुंटत नाही. उंची का थांबते तेही लक्षात घ्या: दाहाचे तेच संदेश वाढीच्या संप्रेरकाचं काम अडवतात. म्हणून शाळेतल्या रांगेत जो मुलगा दरवर्षी पुढे पुढे सरकतोय, त्याच्याकडे आईबापांनी लक्ष द्यावं.

मात्र हा उपचार पोटविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून, ठरावीक द्रवाहारावर होतो. दुकानातून पावडर आणून घरी करायचा नाही.

सुभाषनगर_बाबा

आमचा पोरगा काडीपैलवान आहे, बारीक. म्हणजे आम्हाला या दाहाची काळजी नाही ना? चिप्स, बिस्किटं भरपूर खातो, पण अंगाला लागत नाही.

जोंधळा

बाबा, इथे आपण मराठी माणसांनी जास्त सावध राहायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा मागोवा घेतलाय. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच लहान. स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. दिसायला बारीक आणि आत चरबी, ही आपली ठेवण आहे. वजनाच्या काट्यावर ती दिसत नाही. कंबर मोजा, घरात मधुमेह असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि तो पळतो-खेळतो का, रात्री पुरेसा झोपतो का, तेही बघा. अपुऱ्या झोपेनेही हे दाहाचे आकडे वाढतात.

उत्तरेश्वर_आई

ताई, हिमोग्लोबिनचं राहिलं. लोहाच्या गोळ्या आधी दोनदा दिल्या, फारसं वाढलं नाही. आणि हळदीच्या कॅप्सूल?

जोंधळा

याचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते आतड्यातून लोह रक्तात येण्याचं दार बंद करतं आणि साठ्यातलं लोहही अडवून ठेवतं. त्यामुळे गोळ्या चालू असूनही हिमोग्लोबिन हलत नाही, असं होऊ शकतं. वर फेरिटिन ही साठ्याची तपासणी दाहात वाढलेली दिसते, म्हणजे लोह कमी असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो. डॉक्टरांना फेरिटिन आणि सीआरपी एकत्र बघायला सांगा. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का तेही विचारतील, मुलीशी आधी बोलून ठेवा. गोळी चालू असेल तर तिच्यासोबत चहा नको. लिंबू पिळलेलं काहीही चालेल.

हळद भाजीत घालताच ना, तेवढी बास. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं आणि ते शरीरात फार कमी शोषलं जातं. म्हणून कॅप्सूलमध्ये ते भरमसाट घालतात, सोबत मिरीचा अर्क. अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मुलीचं यकृत आधीच त्रासात आहे. मुळीच देऊ नका.

आता ताटाबद्दल. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात धान्यातून ४५ टक्क्यांपर्यंतच ऊर्जा घ्या असं म्हटलंय. आपल्याकडे चपाती-भात मिळून ताटाचा बराच मोठा हिस्सा होतो आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. मला कोल्हापूरच्या घरांबद्दल हीच एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: काढून टाकण्यावर इतकी भांडणं होतात आणि ताटात काय नाही ते कुणी बघतच नाही. मेथी, शेपू, चाकवत, पोकळा, ओला घेवडा, अख्खा मसूर, मोड आलेली मटकी, शाळूची भाकरी. यातले तंतू आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनतात आणि ती आतड्याच्या अस्तराला पोसतात, दाह आवरणाऱ्या पेशींना बळ देतात. हे काम कुठल्याही कॅप्सूलने होत नाही. मिसळीचा मटकीचा भागही उत्तम, तर्री आणि पावाचं प्रमाण बघा.

मांसाहारी असाल तर बांगडा, तारली. कोकणातून येणारी ही स्वस्त मासळी ओमेगा-३ मध्ये सुरमईला हार जात नाही. तळू नका, कालवण करा. तांबडा-पांढरा बिनधास्त खा, भाताचा ढीग कमी करा.

गाड्यावरच्या तळणाचं एक सांगते. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक (टोटल पोलर कंपाउंड्स) साठतात. त्यांची २५ टक्के ही कायद्याची मर्यादा २०१८ पासून आहे, पण गाड्यावर कोण मोजणार? काळं, फेस येणारं तेल दिसलं तर तिथे मुलांना खाऊ घालू नका. घरीही तळणीचं तेल दिवसेंदिवस वापरू नका. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल यांतलं अमुकच वाईट असं मी म्हणणार नाही. सूर्यफुलाच्या तेलाने दाह वाढतो असं फिरतं, पण माणसांवरच्या प्रयोगांत ते दिसलेलं नाही. खारी-टोस्टमधलं वनस्पती तूप मात्र कमी करा.

आणि हे सगळं घरातल्या सगळ्यांसाठी. मुलीचं वेगळं ताट नको, वजनाची चर्चा तिच्यासमोर नको.

उत्तरेश्वर_आई

कोल्ड्रिंकचं तिच्याशी बोलले. तिने स्वतःच सुचवलं की क्लासनंतर ताक किंवा लिंबूपाणी, साखर न घालता. मैत्रिणींनाही घरी बोलावणार आहे म्हणाली. सासूबाईंनी चहाचं ऐकलं. तीन महिन्यांनी सीआरपी पुन्हा करायचं का?

जोंधळा

डॉक्टर ठरवतील. सर्दी-ताप असताना मात्र करू नका, तेव्हा ते वाढणारच आणि उगाच घाबराल. यकृताची एएलटी ही रक्ततपासणी, रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कंबरेचं माप यांवरून जास्त कळेल. वाढीचं वय आहे, वजन उतरलं नाही, नुसतं थांबलं आणि उंची वाढली तरी ती प्रगतीच.

कागलची_सई

शाकाहारी घरांसाठी जवसाची चटणी लिहू का? एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, पाव वाटी तीळ, सात-आठ लसूण पाकळ्या, सुकं खोबरं थोडं, तिखट, मीठ, जिरं. गार झाल्यावर जाडसर कुटायचं. भाकरीवर दही आणि ही चटणी, मुलं आवडीने खातात.

जोंधळा

जरूर. जवस कुटलेलंच हवं, अख्खं तसंच बाहेर पडतं. एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅम ओमेगा-३ मिळतं. त्याचा थोडाच भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलतं, तरी रोज एक चमचा घ्यावाच. जवस लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतीच करा आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा.